राजम्यातलं एक प्रथिन आणि जागी होणारी टी पेशी

माझं काम क्रोमोसोम बघण्याचं. सायटोजेनेटिक्सच्या लॅबमध्ये रक्ताचा नमुना आला की आम्ही कल्चर लावतो, म्हणजे पेशी पोषक द्रवात वाढवायला ठेवतो, तीन दिवसांनी हार्वेस्ट करतो, स्लाइड टाकतो, बँडिंग करतो आणि मायक्रोस्कोपखाली 46 आहेत की 47, कुठला तुकडा कुठे जाऊन बसलाय, हे शोधतो. या सगळ्याची सुरुवात एका लहानशा कुपीपासून होते. फ्रीजमधून काढायची, पिपेटने थोडंसं द्रव कल्चरमध्ये सोडायचं, झाकण लावून इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. कुपीवर लिहिलेलं असतं पीएचए, म्हणजे फायटोहेमॅग्लुटिनिन. राजम्याच्या बीमधलं हे प्रथिन. ते घातलं नाही तर तीन दिवसांनी हाती काहीच लागत नाही. पेशी असतात, पण एकही विभाजन पावत नसते, आणि विभाजनाशिवाय क्रोमोसोम दिसत नाहीत.

पेशी विभाजन का पावत नाहीत, ते समजून घेण्यासारखं आहे. रक्तातल्या लाल पेशींना केंद्रकच नसतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एकदा रक्तात उतरल्या की पुन्हा विभाजित होत नाहीत. उरतात लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेच्या टी आणि बी पेशी, आणि त्याही बहुतेक विश्रांतीत. आपल्याला नेमून दिलेला शत्रू कधीतरी समोर येईल म्हणून त्या वाट बघत फिरत असतात. प्रत्येक टी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे शत्रूला ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, वेगळा. एखादा नवा विषाणू शरीरात शिरला तर त्याला ओळखू शकणारी टी पेशी लाखात एखादी असते, कधी तीही नाही. बाकीच्यांना त्याचं काही देणंघेणं नसतं. पीएचए मात्र अशी निवड करत नाही. त्या माणसाला आयुष्यात कुठले आजार झाले, कुठल्या लसी मिळाल्या, याच्याशी त्याचा संबंध नाही. निरोगी माणसाच्या बहुतेक टी पेशी त्याने जाग्या होतात.

पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून लावलेलं कल्चर मी शक्य तेव्हा दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली बघते. कामासाठी त्याची गरज नसते, मला बघायला आवडतं म्हणून. पहिल्या दिवशी तळाशी सुट्या सुट्या, लहान, गोल पेशी पसरलेल्या असतात. प्रत्येकीत केंद्रकच जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेलं, भोवती पेशीद्रव्याची कडा जेमतेम. दुसऱ्या दिवशी त्यांचे पुंजके झालेले असतात. पुंजक्याच्या कडेला नीट फोकस केलं की फुगलेल्या पेशी दिसतात, मूळच्या दुपटीच्या आसपास, काही लांबट झालेल्या, एका बाजूला शेपटीसारखं टोक काढलेल्या. यांना आम्ही ब्लास्ट म्हणतो. तिसऱ्या दिवशी माध्यमाचा गुलाबी-लाल रंग पिवळसर नारिंगी होऊ लागतो, कारण पेशी ग्लुकोज खाऊन आम्ल सोडत असतात आणि त्यातलं फिनॉल रेड रंग बदलतं. झाकण न उघडता, नुसती बाटली उजेडात धरून कळतं की कल्चर लागलंय.

या प्रथिनांच्या कुळाला लेक्टिन म्हणतात. साखरेला ओळखून धरणारी, पण तिचं पचन किंवा रूपांतर न करणारी प्रथिनं, ही त्यांची ओळख. त्यांचा शोध लागला तो विषातून. 1888 साली डॉर्पात विद्यापीठात, आज त्या गावाला टार्टू म्हणतात, पेटर हेर्मान श्टिलमार्क या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याने एरंडाच्या बियांमधून एक प्रथिन काढलं आणि पाहिलं की त्याने लाल पेशींच्या गुठळ्या होतात. ते रिसिन. गुंजेच्या बीमधलं तसंच प्रथिन म्हणजे अ‍ॅब्रिन. मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. 1891 मध्ये पॉल एर्लिख यांनी उंदरांना रिसिन अगदी थोड्या थोड्या, वाढत्या मात्रेत दिलं. ते उंदीर रिसिनला दाद देईनासे झाले, पण अ‍ॅब्रिनने मेले. अ‍ॅब्रिनला सरावलेले उंदीर रिसिनने मेले. संरक्षण ज्याचं त्याच्यापुरतं असतं, हा रोगप्रतिकारशास्त्राचा पायाचा विचार इतक्या स्वच्छपणे दिसला तो दोन बियांमधल्या लेक्टिनमुळे. म्हणजे हे शास्त्र उभं राहतानाच लेक्टिन तिथे हजर होती.

साखरेचा धागा नंतर सापडला. जेम्स समनर यांनी 1919 मध्ये जॅक बीनमधून कॉन्कॅनॅव्हॅलिन ए स्फटिकरूपात वेगळं केलं, आणि 1936 मध्ये त्यांनी आणि हॉवेल यांनी दाखवलं की उसाच्या साखरेने त्याची गुठळ्या करण्याची क्रिया थांबते. मोकळी साखर घातली की प्रथिनाचे खळगे तिनेच भरतात, पेशीवरची साखर धरायला जागा उरत नाही. आजही एखादा परिणाम खरोखर लेक्टिनचा आहे का हे तपासायचं तर हीच युक्ती वापरतात. योग्य ती साखर घाला, आणि परिणाम गेला पाहिजे.

आता 1960. फिलाडेल्फियात पीटर नोवेल ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी वाढवत होते. त्या काळी पीएचएचं काम साधं होतं. लाल पेशींच्या गुठळ्या करून त्यांना खाली बसवायचं आणि वरच्या पांढऱ्या पेशी उचलायच्या. नोवेल यांना दिसलं की निरोगी माणसांच्या पांढऱ्या पेशीसुद्धा कल्चरमध्ये विभाजित होतायत. हे कुणाच्या अपेक्षेत नव्हतं. लिम्फोसाइट म्हणजे वाढ संपलेली, शेवटाला पोहोचलेली पेशी, असा तेव्हाचा प्रबळ समज होता. त्यांनी कृतीतल्या घटकांचा एकेक करून माग काढला आणि बोट पीएचएवर आलं. स्वच्छता करायला आणलेला पदार्थच पेशींना जागं करत होता. त्याच वर्षी नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातला तो छोटा क्रोमोसोम जगासमोर आणला, ज्याला आपण फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतो. एका माणसाच्या टेबलावर एका वर्षात या दोन गोष्टी घडल्या, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यातला एक बारकावा लॅबबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. ल्युकेमियाच्या रुग्णाचा बोन मॅरो आला तर आम्ही त्यात पीएचए घालत नाही. तिथे आपल्याला आपोआप विभाजित होणाऱ्या बिघडलेल्या पेशी बघायच्या असतात. पीएचए घातलं तर निरोगी टी पेशी उठून विभाजित होतील, सगळे मेटाफेज (विभाजनाचा तो टप्पा, ज्यात क्रोमोसोम स्पष्ट दिसतात) त्यांचेच मिळतील आणि रिपोर्ट चुकीचा दिलासा देईल. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगते, कारण एकदा हे कळलं की पीएचए नेमकं कुणाला उठवतं ते कायमचं डोक्यात बसतं.

आता ते उठवतं कसं?

पेशीच्या बाहेरच्या बाजूला प्रथिनांवर आणि मेदांवर साखरेच्या साखळ्या असतात, फांद्या फुटलेल्या. टी पेशीचा रिसेप्टर आणि त्याच्या आसपासची प्रथिनंसुद्धा अशा साखळ्यांनी मढलेली असतात. पीएचए चार उपघटकांचं बनलेलं असतं आणि प्रत्येकात साखर धरायचा एक उथळ खळगा. हे उपघटक दोन प्रकारचे असतात. एकाचा ओढा लाल पेशींकडे, दुसऱ्याचा पांढऱ्यांकडे. चारही दुसऱ्या प्रकारचे असले की ते प्रथिन लिम्फोसाइटवरच्या, विशिष्ट तऱ्हेने फांद्या फुटलेल्या साखळ्या धरतं. एका खळग्याची पकड तशी कच्ची. गवताचं एक कुसळ कपड्याला लागलं तर झटकून जातं, पण रानातून चालत आल्यावर शेकडो लागलेली असतात तेव्हा कापड चिमटीत धरून बसावं लागतं, तसंच इथे घडतं. एका रेणूचे चार खळगे, आणि पेशीवर अशा रेणूंची दाटी.

पण नुसतं चिकटून पेशी जागी होत नाही. चार हातांच्या या रेणूने एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या रिसेप्टरवरची साखर धरली की ते रिसेप्टर पेशीपटलात एकमेकांजवळ ओढले जातात. खऱ्या संसर्गातही टी पेशीला संदेश मिळतो तो रिसेप्टर एकत्र गोळा झाल्यामुळे. आत बसलेल्या एन्झाइमांना बाहेर विषाणूचा तुकडा आहे की राजम्याचं प्रथिन, हे कळायला काही मार्ग नाही. त्यांना फक्त रिसेप्टर गोळा झालेले कळतात. मग एलसीके, झॅप-70 अशी एन्झाइमं एकामागून एक चालू होतात, काही मिनिटांत पेशीतलं कॅल्शियम वाढतं, एनफॅट नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि इंटरल्युकिन-2 या वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचं जनुक चालू होतं. काही तासांत पृष्ठभागावर सीडी69 ही जागं झाल्याची खूण दिसू लागते, दिवसभरात सीडी25, म्हणजे इंटरल्युकिन-2 च्या रिसेप्टरचा एक भाग. पेशी स्वतःच वाढीचा संदेश सोडते आणि स्वतःच तो ऐकते. दुसऱ्या दिवसाच्या शेवटाकडे पहिली विभाजनं दिसू लागतात. आमचे 72 तास ठरले ते या गणितावरून.

रिसेप्टर लागतोच, हे कशावरून? 1980 च्या दशकात टी पेशींच्या एका कर्करोगी वाणातून असे उपप्रकार निवडले गेले ज्यांच्या पृष्ठभागावर टी पेशीचा रिसेप्टरच नव्हता. बाकीची साखर जागच्या जागी होती, पीएचए चिकटायला भरपूर जागा होती, तरीही त्या पेशी इंटरल्युकिन-2 बनवेनात. म्हणजे लेक्टिन कुठेही चिकटून पेशीला हलवत नाही. ते पेशीचा स्वतःचाच दरवाजा उघडतं.

चिकटणं आणि जागं करणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे दाखवणारा माझा सगळ्यात आवडता प्रयोग 1972 चा आहे, जेराल्ड एडेलमन यांच्या मंडळींनी स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला. कॉन्कॅनॅव्हॅलिन ए उंदराच्या टी आणि बी, दोन्ही पेशींना चिकटतं. द्रवात मोकळं सोडलं तर टी पेशी विभाजित होतात, बी पेशी ढिम्म. तेच प्रथिन डिशच्या तळाला पक्कं बसवलं, म्हणजे एकाच बाजूने दाटीने समोर आलं, की बी पेशी जाग्या होतात. रेणू तोच, साखर तीच, फक्त मांडणी बदलली. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन टी पेशींना चांगलं घट्ट धरतं, पण पीएचएसारखं जोरदार विभाजन काही घडवत नाही. आणि पीएचएचं प्रमाण वाढवत नेलं तर प्रतिसाद वाढत जातो, एका टप्प्यावर शिखर गाठतो आणि मग घसरतो; जास्त मात्रेत पेशी मरायला लागतात. म्हणून ‘अमुक लेक्टिन रोगप्रतिकारशक्ती वाढवतं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. किती मात्रेत, कुठल्या पेशीवर, कशा मांडणीत, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

लेक्टिनचे इतर पेशींवरचे परिणामही आहेत, ते थोडक्यात सांगते. पोकवीडचं लेक्टिन टी पेशींच्या मदतीने बी पेशींना अँटिबॉडी बनवायला लावतं. बेसोफिल या पांढऱ्या पेशींवर बसलेल्या आयजीई अँटिबॉडीला कॉन्कॅनॅव्हॅलिन ए साखरेमार्गे एकत्र ओढतं आणि हिस्टामिन बाहेर पडतं. मारक टी पेशी आणि तिच्याशी काही संबंध नसलेली पेशी यांच्यामध्ये लेक्टिनचा पूल झाला, तर मारक पेशी त्या अनोळखी पेशीलाही मारते. फणसाच्या आठळ्यांमधलं जॅकलिन आपल्या आयजीए1 अँटिबॉडीला धरतं आणि आयजीए2 ला जवळजवळ धरत नाही, त्यामुळे दोन्ही वेगळ्या करायला ते फार कामाचं आहे.

पुढे जे शोध लागले त्यांत पीएचए कितीदा मुकाट्याने हजर आहे, हे मोजायला बसलं की थक्क व्हायला होतं. 1965 मध्ये पीएचए दिलेल्या मानवी पांढऱ्या पेशींच्या द्रवात विषाणूला रोखणारा एक पदार्थ सापडला, तो पुढे इंटरफेरॉन गॅमा म्हणून ओळखला गेला. 1976 मध्ये मॉर्गन, रुसेट्टी आणि गॅलो यांनी पीएचएने उठवलेल्या लिम्फोसाइटांच्या वापरून झालेल्या माध्यमात टी पेशींना दीर्घकाळ वाढवणारा घटक दाखवला, तेच इंटरल्युकिन-2. आणि 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या लसीका गाठीतल्या पेशी पीएचए आणि इंटरल्युकिन-2 देऊन वाढवल्या गेल्या, तेव्हा त्यांतून एचआयव्ही हाती आला. हा विषाणू विभाजित होणाऱ्या टी पेशींत जोमाने वाढतो. त्यांना कुणीतरी उठवायला हवं होतं.

आजच्या दवाखान्यातही ते आहेच. क्षयाच्या संसर्गासाठी रक्ताची जी इंटरफेरॉन गॅमा चाचणी करतात, तिच्या क्वांटिफेरॉन प्रकारात चार नळ्या असतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत क्षयाचं काहीच नसतं, त्यात पीएचए असतं. या माणसाच्या टी पेशी मुळात उत्तर देऊ शकतात का, एवढंच ती नळी विचारते. तिथेच उत्तर आलं नाही तर क्षयाच्या नळ्यांमधल्या शांततेचा अर्थ लावता येत नाही, आणि रिपोर्टवर ‘इनडिटरमिनेट’ येतं. पुष्कळ जण ते बघून चाचणी फसली म्हणतात. ती फसलेली नसते. पेशींची ताकद कमी आहे किंवा नमुना हाताळताना काहीतरी बिघडलं आहे, हे ती प्रामाणिकपणे सांगत असते.

आणि स्किड या जन्मजात आजाराची बाळं. जन्मतःच टी पेशी नसलेली किंवा असून काम न करणारी. अशा बाळाच्या पेशींना पीएचए देऊन त्या किती विभाजित होतात ते मोजतात, शेजारी निरोगी माणसाचं रक्त लावून. निरोगीच्या 10 टक्क्यांहून कमी प्रतिसाद हा या आजाराचा ठळक पुरावा मानला जातो. अशा नमुन्याचं कल्चर आमच्याकडेही कधीतरी येतं, आईच्या किंवा बाबांच्या नमुन्याबरोबर. दोन बाटल्या, एकीचा रंग पिवळट झालेला, दुसरीचा तसाच गुलाबी. रंग बदलला नाही याची कारणं दुसरीही असू शकतात, म्हणून त्यावरून कुणी निदान करत नाही. पण तो गुलाबी रंग बघून माझ्या पोटात खड्डा पडतो.

याच बाळांसाठी एका दुसऱ्या बीमधलं लेक्टिन उपयोगी पडलं, आणि तेही टी पेशी हटवण्यासाठी. आईचा किंवा वडिलांचा मॅरो बाळाशी अर्धाच जुळतो. त्यातल्या प्रौढ टी पेशी बाळाच्या शरीरावरच हल्ला करतात. इस्रायलच्या वाइझमान संस्थेत यायर राइझनर आणि नेथन शॅरन, आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधली मंडळी यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सोयाबीनच्या लेक्टिनचा वापर केला. मॅरोतल्या बऱ्याचशा प्रौढ पेशी त्याने गुठळ्या होऊन खाली बसतात, मूळ पेशी वरच्या भागात राहतात. उरलेल्या टी पेशी मेंढीच्या लाल पेशींना चिकटवून काढून टाकायच्या. असा निवडलेला अर्धा जुळणारा मॅरो स्किडच्या बाळांना देता आला. पेशी वयात येताना तिच्यावरची साखर बदलते, या एका गोष्टीवर सगळी पद्धत उभी होती. थायमसमध्येही, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात त्या ग्रंथीतही, हेच दिसतं. शेंगदाण्याचं लेक्टिन तिथल्या कोवळ्या टी पेशींना धरतं. त्या तयार झाल्या की साखळीच्या टोकावर सियालिक आम्ल चढतं आणि लेक्टिनला पकड मिळत नाही. एन्झाइमने ते आम्ल काढून टाका, पकड परत येते.

ही साखर नुसती सजावट नाही, हे 2001 मध्ये आणखी स्पष्ट झालं. एमगॅट5 नावाचं एन्झाइम साखळीला एक विशिष्ट फांदी फोडतं, पीएचए जी धरतं त्याच घडणीची. हे एन्झाइम नसलेल्या उंदरांच्या टी पेशी अगदी कमी चिथावणीने जाग्या होतात आणि त्या उंदरांत स्वप्रतिकाराचे आजार दिसतात. कारण शरीराची स्वतःची लेक्टिन, गॅलेक्टिन, या फांद्या धरून रिसेप्टरना एकमेकांपासून दूर ठेवतात. आपलं लेक्टिन रिसेप्टर विखरून ठेवतं, राजम्याचं लेक्टिन त्याच जागी येऊन ते गोळा करतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रोज हाताळलेल्या त्या कुपीकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

माझ्या मावसबहिणीला रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते तो आजार. कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ बघून तिने सगळी कडधान्यं बंद केली आणि मला फोन केला. “ताई, तू स्वतःच सांगतेस ना, राजम्याचं ते प्रथिन पेशी भडकवतं. मग मी ते पोटात का घालू?”

प्रश्न रास्त होता, म्हणून मी तिला घाईने उडवून लावलं नाही. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खरंच त्रास देतो. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या, मग जुलाब. 1988 मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णालयाच्या कँटीनमध्ये आरोग्यदायी आहाराच्या दिवशी राजम्याचा पदार्थ केला होता; 31 जणांना वाढला गेला आणि दुपारनंतर त्यांतले 11 जण आजारी पडले. दुसऱ्या दिवशी सगळे बरे होते. पण हा आतड्याच्या अस्तरावरचा परिणाम आहे. आतड्याच्या पेशींवरच्या साखरेला पीएचए चिकटतं. रक्तातल्या टी पेशी त्याने अंगभर जाग्या होत नाहीत.

आणि उकळलं की प्रथिनाची घडी उलगडते, खळगेच राहत नाहीत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या आकड्यांनुसार कच्च्या लाल राजम्यात या लेक्टिनची 20,000 ते 70,000 एककं असतात, पूर्ण शिजल्यावर 200 ते 400. भिजवायचं, ते पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचं. मंद आचेच्या भांड्यात, 80 अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवलेला राजमा मात्र वाईट. तिथे विषारीपणा कच्च्याहून वाढूही शकतो. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण प्रत्यक्षात धोका असलाच तर तो इथे आहे.

सगळी लेक्टिन इतकी निमूटपणे मरत नाहीत, हेही सांगायला हवं. शेंगदाण्याचं लेक्टिन खाल्ल्यानंतर माणसांच्या रक्तात अखंड सापडल्याचं 1998 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आहारातल्या लेक्टिनविरुद्धच्या अँटिबॉडी निरोगी माणसांच्या रक्तात आढळतात. म्हणजे यंत्रणेला या रेणूंची ओळख आहे आणि ती त्यांना आवरायला शिकली आहे. शिवाय आतड्यातला श्लेष्मा साखरेने भरलेला असतो, रक्तातली प्रथिनंही. लेक्टिन टी पेशीपर्यंत पोहोचण्याआधी त्याला धरायला ही सगळी साखर वाटेत असते. आम्हाला कल्चरमध्येसुद्धा हे जाणवतं, सीरमचं, म्हणजे रक्तातल्या प्रथिनयुक्त द्रवाचं, प्रमाण बदललं की लेक्टिनचं प्रमाणही बदलून बघावं लागतं. माझ्या बाटलीत शुद्ध केलेलं, न शिजवलेलं, मोजून घातलेलं प्रथिन थेट पेशींवर पडतं आणि तीन दिवस तिथेच राहतं. ताटातून हे घडत नाही. उंदराच्या शिरेत कॉन्कॅनॅव्हॅलिन ए टोचलं तर टी पेशींमुळे यकृताला गंभीर इजा होते, हे 1992 पासून माहीत आहे. पण तिथेही ते शिरेतून दिलं जातं. बहिणीला मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरांशी बोल, पण त्या व्हिडिओच्या भीतीने प्रथिनं आणि तंतू देणारा एवढा मोठा अन्नगट सोडू नकोस. औषधं चालू असताना पोषण कमी पडलं तर त्याचा त्रास खरा असेल.

या विषयात मला सध्या सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती केळ्यातल्या बॅनलेक या लेक्टिनची. ते एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, इन्फ्लुएंझा अशा विषाणूंच्या आवरणावरची मॅनोज साखर धरतं आणि त्यांना पेशीत शिरू देत नाही. औषध म्हणून अडचण एकच, ते टी पेशींनाही उठवतं, आणि शरीरभर टी पेशी उठवणारं औषध कुणाला देता येणार नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मिशिगन विद्यापीठातल्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 84 व्या जागेवरचं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल काढून तिथे थ्रिओनिन बसवलं. एवढ्याने टी पेशींना उठवणं जवळपास गेलं, विषाणू धरणं राहिलं. साखर धरणं आणि पेशी जागी करणं एकाच रेणूत असं सोडवून वेगळं करता येतं, हे माझ्यासारखीला फार मोलाचं वाटतं, कारण आमच्या शास्त्रात या दोन्ही गोष्टी इतकी वर्षं एकत्रच हाताळल्या गेल्या.

कर्करोगाच्या रुग्णाला त्याच्याच टी पेशी बदलून परत देतात, तेव्हा त्या जाग्या करायला आता बहुतेक ठिकाणी सीडी3 आणि सीडी28 यांना धरणाऱ्या अँटिबॉडी लावलेले मणी वापरतात. ते नेमक्या दोन रिसेप्टरना हात घालतात, बाकी साखरेला शिवत नाहीत, आणि रुग्णाच्या शरीरात जायच्या पेशींसाठी तेच योग्य आहे. कॅरिओटाइपला, म्हणजे आमच्या क्रोमोसोमच्या तपासणीला, मात्र एवढ्या नेमकेपणाची गरज नाही. आम्हाला तिसऱ्या दिवशी भरपूर मेटाफेज हवे असतात, कुणाच्याही रक्तातून, मग तो नवजात असो की सत्तरीचा. उद्या चार कल्चर लावायची आहेत, आणि चारही पीएचएवर.